चिमण्या कमी झाल्या

त्या सोमवारी सकाळी कानसेनांचं पहिलं भांडण झालं ते कपडे धुण्याच्या मशीनवरून. भांडण बायकोशी आणि राग मशीनवर, असा तो प्रकार होता.

"मघाशीच वाजलं की मशीन," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "कपडे वाळत घालणार होतात ना?"

"वाजलेलं नाही. मी इथेच बसलोय, मशीनसमोर."

"अहो, मला इथपर्यंत ऐकू आलं."

"तुला ऐकू आलेलं नाही. पाऊण तासात धुऊन होतं हे तुला माहीत आहे. तू घड्याळ बघतेस आणि वाजलं म्हणतेस. डोळा आधी ठरवतो आणि कान मागून त्याचीच री ओढतो. एकतीस वर्षं झाली मला या धंद्यात, मला नको शिकवू."

बायको यावर काहीतरी म्हणाली, पण तोंडातल्या तोंडात. "नीट बोल जरा!" असं खेकसून कानसेनांनी ओले कपडे बादलीत कोंबले. या मशीनसाठी त्यांनी दुरुस्तीवाल्याला दोनदा बोलावलं होतं. दुसऱ्या खेपेला तो वैतागून म्हणाला होता, "काका, याचा ड्रम गेलाय, पाइप गळतोय, दार नीट लागत नाही. धड काय असेल तर ते वाजणंच!" कानसेनांनी त्या माणसाला पुन्हा घरात पाऊल टाकू दिलं नाही. काम येत नसलं की माणसं अशी तोंड वर करून बोलतात, असं त्यांचं मत होतं.

खरं सांगायचं तर गेल्या काही वर्षांत सगळ्या जगालाच पुटपुटायची खोड लागली होती. बातम्या देणारे पुटपुटत, बँकेतली काचेमागची मुलगी पुटपुटे, स्वतःची लेक फोनवर अर्धे शब्द गिळून बोले. बायकोचं तर विचारूच नका. तेहतीस वर्षांच्या संसारात पहिली पंचवीस वर्षं खणखणीत बोलणारी बाई, उतारवयात अशी कुजबुजायला का लागली ते देव जाणे. कानसेन प्रत्येकाला एकच सांगत, "नीट बोला." समोरचा मग ओरडून बोले, आणि कानसेन म्हणत, "ओरडताय कशाला? बहिरा आहे का मी?"

कानसेन हे अर्थातच त्यांचं नाव नव्हे. संस्थेत त्यांना सगळे त्याच नावाने ओळखत, आणि ते त्यांना आवडेही. काम ऐकण्याचं, तेही सूर्याकडून येणाऱ्या वाऱ्यातल्या लाटा ऐकण्याचं. हे काम नातेवाइकांना समजावून सांगताना त्यांचं निम्मं आयुष्य गेलं होतं. साडू तर दर भेटीत विचारायचा, "काय मग, यंदा पाऊसपाणी कसं?" कानसेन दात-ओठ खात सांगायचे, "हा तो वारा नाही हो. सूर्यातून उजेड येतो ना, तसे विजेचा भार असलेले बारीक कणही सतत बाहेर पडतात. सेकंदाला चारशे किलोमीटर वेगाने येतात, पण इतके विरळ की चहाच्या चमच्याएवढ्या जागेत पंचवीस-तीस कण सापडले तर नशीब. पृथ्वीभोवती चुंबकी कवच आहे. पुलाच्या खांबापुढे नदीचं पाणी कसं फुगतं, तसा हा वारा त्या कवचापुढे फुगतो. काही कण उलटे फिरतात, येणाऱ्यांच्या अंगावर जातात, आणि त्या ढकलाढकलीत विजेच्या लाटा उठतात. आमचं यान तिथून फिरतं. त्याच्या लांब तारांना त्या लाटा जाणवतात. ती थरथर आम्ही खाली आणून स्पीकरला लावतो आणि ऐकतो."

"म्हणजे पावसाचं नक्की नाही," साडू म्हणायचा. अशा माणसापुढे बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

कानसेन संस्थेत लागले ते अठ्ठाविसाव्या वर्षी. त्याआधी वडिलांच्या दुकानात रेडिओ दुरुस्त करत. संस्थेचे तेव्हाचे प्रमुख, ज्यांना सगळे थोरले सर म्हणत, त्यांनी चार माणसं ऐकायला घ्यायची ठरवली. मुलाखतीला बोलावलेल्या प्रत्येकाला त्यांनी एका खोलीत बसवलं आणि विचारलं, "काय ऐकू येतंय?" बाकीचे म्हणाले, काही नाही. कानसेन म्हणाले, "तुमच्या टेबलाखाली काहीतरी घुमतंय, आणि भिंतीपलीकडे कुणाच्या तरी खुर्चीचं एक चाक सुकं आहे." त्यांना तिथल्या तिथे घेतलं.

थोरल्या सरांनी ऐकण्याच्या खोलीला एक नियम घालून दिला. यानाकडून येणारे आवाजाचे तुकडे कॉम्प्युटरच्या पडद्यावर चित्र म्हणूनही दिसत, पण ऐकणाऱ्याने ते चित्र आधी बघायचं नाही. पडद्यावर टॉवेल टाकायचा, कानाला हेडफोन लावायचे, ऐकू आलं की बोट वर करायचं आणि मग वहीत लिहायचं. चित्र बघून ऐकलं की माणसाला नसलेलंही ऐकू येतं, असं ते म्हणत. थोरले सर गेले, चौघांतले तीन ऐकणारे निवृत्त झाले, त्यांच्या जागा भरल्या गेल्या नाहीत, टॉवेल तीनदा बदलला. नियम तसाच राहिला.

लाटांना कानसेनांनी स्वतःची नावं दिली होती. खालच्या पट्टीत हंबरणारी ती म्हैस. कढईत काहीतरी पडल्यासारखी चरचरणारी ती तळण. आणि सगळ्यात वरच्या पट्टीतली, बारीक, तीक्ष्ण, क्षणात येऊन जाणारी ती चिमणी. चिमणी मुळात इतकी वरची की माणसाला ती ऐकूच येऊ नये. म्हणून आवाज तिपटीने संथ करून ऐकायचा. शास्त्रज्ञांनी या लाटांना चांगली लांबलचक नावं दिली होती, पण बैठकीत तेसुद्धा "गेल्या महिन्यात चिमण्या किती?" असंच विचारत.

कानसेनांची खरी कीर्ती झाली ती वीस वर्षांपूर्वी. दर अकरा मिनिटांनी येणारी एक नवीच लाट सापडली म्हणून सगळी संस्था नाचत होती. कानसेनांनी दोन दिवस ऐकलं आणि सांगितलं, "ही लाट नाही. यानावरचा हीटर आहे. लाट उमलत येते. हा एकदम खटकन लागतो." हीटर बंद करून पाहिला, लाट गेली. तेव्हा थोरले सर म्हणाले होते की यंत्राला मोजता येतं, ओळखता येत नाही. ते वाक्य कानसेनांनी इतक्या लोकांना इतक्या वेळा ऐकवलं होतं की बायको त्यांच्या आधीच ते पुरं करायची.

तर त्या सोमवारी असे आधीच तापलेले कानसेन संस्थेत पोचले, तर विभागप्रमुखांचं बोलावणं. विभागप्रमुख त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान, आणि अर्थातच पुटपुटणारे. समोर मास्तरीणबाई बसल्या होत्या.

मास्तरीणबाई म्हणजे संस्थेत सगळ्यात उशिरा विद्यार्थी झालेली बाई. पंधरा वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, आणि सदतिसाव्या वर्षी ती पक्की नोकरी सोडून त्या इथे संशोधनाला आल्या. घरच्यांनी वेड्यात काढलं होतं. त्यांच्या प्रबंधाचा विषयच चिमण्या. कानसेनांच्या वह्यांतल्या सहा वर्षांच्या नोंदी घेऊन त्यांनी दाखवलं होतं की चिमण्या वर्षागणिक कमी होत होत एक-तृतीयांशावर आल्या. म्हशी तेवढ्याच, तळण तेवढंच. फक्त चिमण्या घटल्या. का घटल्या याचं उत्तर शोधण्यात त्यांची चार वर्षं गेली होती, आणि ते उत्तर त्यांना मिळालंही होतं, दोनशे चाळीस पानांचं. दहा दिवसांनी प्रबंध द्यायचा होता.

कानसेनांना त्या फार आवडत. वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा आवाज. प्रत्येक शब्द सुटा. अख्ख्या इमारतीत नीट बोलणारी ही एकच बाई, असं ते कौतुकाने सांगत.

"दुसऱ्या एका संस्थेचं पत्र आलंय," विभागप्रमुख म्हणाले. "त्यांनी आपलेच तुकडे त्यांच्या प्रोग्रॅमने मोजलेत. म्हशी जुळतात. तळण जुळतं. चिमण्या पहिल्या वर्षी जुळतात, पुढे दर वर्षी फरक वाढत जातो. गेल्या वर्षी आपल्या दोनशे बारा, त्यांच्या सहाशे चाळीस. त्यांच्या मते चिमण्या अजिबात कमी झालेल्या नाहीत."

"प्रोग्रॅम हीटर मोजत असणार," कानसेन म्हणाले.

"असेल. पण शुक्रवारपर्यंत तसं दाखवावं लागेल. नाहीतर यांचा प्रबंध अडकतो. काका, तुम्ही मनाला लावून घेऊ नका, पण वयोमानाने कधी कधी..."

"मनाला नाही, कानाला लागलंय माझ्या! दर वर्षी कानाची तपासणी होते माझी. दाखले आहेत. आणून टाकू टेबलावर?"

दाखले खरंच होते. ही तपासणी कशी होई तेही सांगायला हवं. संस्थेचे डॉक्टर पाठीमागे उभे राहून विचारत, "नाव काय तुमचं?" कानसेन नाव सांगत. डॉक्टर लिहीत: उत्तम. मग दोघं चहा पीत.

"मला तुमच्या नोंदींवर पूर्ण विश्वास आहे, काका," मास्तरीणबाई बाहेर आल्यावर म्हणाल्या. "फक्त मला शुक्रवारी पुरावा द्या. मी चार वर्षं यात घातलीयेत."

"शुक्रवार कशाला? बुधवारी देतो," कानसेन म्हणाले.

मंगळवारभर त्यांनी गेल्या वर्षीचे तुकडे ऐकले, ज्यांत प्रोग्रॅमच्या मते चिमण्या होत्या आणि त्यांच्या वहीत नव्हत्या. टॉवेल टाकला, डोळे मिटले. एक झाला, दहा झाले, साठ झाले. चिमणीचं नाव नाही. कुठे लांब म्हैस, कुठे थोडं तळण, बाकी सामसूम. कानसेनांना इतका आनंद झाला की त्यांनी जेवणाच्या सुट्टीत मास्तरीणबाईंना गाठून सांगितलं, "आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय! आहे काय तिथे? काही नाही! त्यांचा प्रोग्रॅम रिकाम्या खोलीतली माणसं मोजतोय." मास्तरीणबाई दोन दिवसांत पहिल्यांदा हसल्या आणि पूर्ण डबा खाल्ला.

आता पुरावा पक्का करायला सहा वर्षांपूर्वीचे काही तुकडे हवे होते. चिमणी म्हणजे काय ते विभागप्रमुखांना ऐकवायचं, मग गेल्या वर्षीचं रिकामं ऐकवायचं, की मिटला वाद. बुधवारी सकाळी कानसेनांनी कपाटातून जुनी वही काढली आणि एक नोंद निवडली. त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं: "चिमणी. फार जवळून. टोचते. पुढच्या वेळी आवाज कमी ठेवावा."

त्यांनी तो तुकडा लावला. डोळे मिटून बोट तयार ठेवलं. दहा सेकंद गेले, तुकडा संपला.

पुन्हा लावला. काही नाही.

मग त्यांनी हेडफोन बदलले. मग वायर बदलली. मग तळमजल्यावरच्या दुरुस्ती विभागातून माणसाला बोलावून आणलं. त्याने सगळं तपासून सांगितलं की सगळं ठीक आहे. "ठीक आहे तर ऐकू का येत नाही?" कानसेन त्याच्यावर ओरडले. तो म्हणाला, "मला विचारू नका, मी वायर बघतो." मग कानसेनांनी ठरवलं की जुने तुकडे साठवणाऱ्यांनी निष्काळजीपणा केलाय, आवाज खराब करून ठेवलाय, कुणाला काही पडलेली नाही, सगळे पगाराचे धनी. साठवण विभागाला फोन करून दहा मिनिटं फाडफाड बोलले. तिकडच्या बाई काय म्हणाल्या ते त्यांना कळलं नाही, कारण त्याही पुटपुटत होत्या. नाचता येईना अंगण वाकडं, असं त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवलेलं. त्या सकाळी त्यांनी अंगणाचा इंच न् इंच वाकडा ठरवला.

आणखी पाच जुने तुकडे लावले. पाचही नोंदी त्यांच्याच हातच्या. "दोन चिमण्या, पाठोपाठ." "चिमणी, कोवळी, शेवटी तुटते." "चिमण्यांचा थवा, मोजणं अवघड." पाचही तुकड्यांत सामसूम. आवाजाचं बटण त्यांनी शेवटपर्यंत फिरवलं. म्हैस एवढी मोठी झाली की कानाच्या पाळ्या थरथरल्या. चिमणी नाहीच.

टॉवेलाचं टोक त्यांनी धरलं. चित्र बघितलं असतं तर कळलं असतं, पण एकतीस वर्षांत कधी आधी बघितलं नव्हतं, आणि आता बघितलं तर कान खोटं बोलायला लागेल अशी त्यांना भीती वाटली. त्यांनी टोक सोडून दिलं आणि मास्तरीणबाईंना हाक मारली.

"जरा हे ऐका. काहीतरी बिघडलंय."

मास्तरीणबाईंनी हेडफोन लावले. कानसेनांनी पहिला तुकडा सुरू केला, आणि पुढच्या क्षणी बाईंनी दोन्ही हातांनी हेडफोन ओढून काढले.

"अहो, काय हे! केवढं टोचलं कानात! आवाज कमी करायचा नाही का आधी?"

कानसेन वहीकडे बघत राहिले. टोचते. पुढच्या वेळी आवाज कमी ठेवावा.

"बिघडलंय कुठे? ही तर किती स्पष्ट आहे," मास्तरीणबाई कान चोळत खुशीत म्हणाल्या. "झकास पुरावा आहे. सहा वर्षांपूर्वी अशी होती, आणि आता नाही."

इथे कानसेनांना गप्प बसता आलं असतं. निवृत्तीला चौदा महिने राहिले होते. सहा वर्षांपूर्वीचा तुकडा ऐकवला असता, गेल्या वर्षीच्या वहीवर बोट ठेवलं असतं, दुसऱ्या संस्थेशी पत्रापत्री करण्यात वर्ष सरलं असतं. हा विचार त्यांच्या मनात आला नाही असं म्हणणं खोटं ठरेल. आला आणि बराच वेळ बसून राहिला. मग त्यांनी आवाज कमी केला, मास्तरीणबाईंना पुन्हा हेडफोन लावायला सांगितले आणि म्हणाले, "आता काही न बोलता ऐका. बारीक टोचणारं काही आलं की बोट वर करा."

त्यांनी मंगळवारचे, गेल्या वर्षीचे, रिकामे तुकडे लावले.

पहिल्या तुकड्याला मास्तरीणबाईंनी बोट वर केलं. दुसऱ्याला केलं. तिसऱ्याला नाही. चौथ्याला केलं, पाचव्याला केलं. पहिली काही बोटं झटकन वर गेली, हुशार मुलीने वर्गात करावी तशी. आठव्या तुकड्यानंतर त्यांनी कानसेनांच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. त्यावर वर्ष लिहिलेलं होतं. नवव्याला बोट सावकाश वर गेलं. विसाव्या तुकड्यापर्यंत सतरा वेळा बोट वर झालं, आणि शेवटी शेवटी ते टेबलापासून जेमतेम वर उचललं जात होतं.

मास्तरीणबाईंनी हेडफोन काढून ठेवले.

"तुम्हाला यातलं काहीच ऐकू येत नाही?"

"नाही."

"म्हणजे चिमण्या कमी झाल्याच नाहीत."

"नाही."

"म्हणजे मी चार वर्षं..." त्या उठल्या. "चार वर्षं मी तुमचे कान मोजत होते! सूर्याचं कारण शोधलं, वाऱ्याचं शोधलं, चुंबकाचं शोधलं, दोनशे चाळीस पानं लिहिली! नवऱ्याला सांगितलं, मुलांना सांगितलं, शाळेतल्या बायकांना सांगितलं की मी काहीतरी शोधलंय! आणि शोधलं काय, तर एक माणूस म्हातारा होतोय?"

बाईंचा आवाज तसाच होता, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. कानसेनांना त्यातला शब्द न् शब्द ऐकू आला. बाई दार आपटून गेल्या.

संध्याकाळी घरी आल्यावर कानसेन बूट न काढता मशीनसमोरच्या स्टुलावर बसले.

"मशीन चांगलं आहे," ते म्हणाले. "वाजतंय ते."

बायको हात पुसत बाहेर आली. मग तिने दुसरं स्टूल ओढून त्यांच्या अगदी समोर मांडलं, आणि त्यांनी सगळं सांगितलं.  सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली, "आठवतं, लेकीकडून परत येत होतो, बसमध्ये? मी म्हटलं होतं, एकदा बाहेरच्या डॉक्टरला कान दाखवा."

"कधी गं?"

"तीन वर्षं होतील. तुम्ही म्हणालात, या कानांवर अख्खी संस्था चालते आणि तू मला बहिरा ठरवतेस? आठवडाभर बोलला नाहीत माझ्याशी. मग मीही सोडून दिलं. रोज उठून कोण तोंड वाजवणार?"

कानसेनांना आठवलं. बसच्या आवाजात तुझं बोलणं नीट ऐकू आलं नव्हतं, असं म्हणायची सोय होती. पण तसं नव्हतं. ती अशीच जवळ बसली होती, असंच समोर बघून बोलली होती, आणि त्यांना चांगलं स्पष्ट ऐकू आलं होतं. तेव्हा मास्तरीणबाईंना संस्थेत जेमतेम वर्ष झालं होतं. प्रबंधाची एक ओळही लिहिलेली नव्हती.

"कपडे मी घालते वाळत," बायको म्हणाली.

"मी घालतो," कानसेन म्हणाले, आणि बसूनच राहिले.

गुरुवारी ते विभागप्रमुखांकडे गेले आणि झालं ते सांगितलं. विभागप्रमुख म्हणाले की कान कुणाच्या हातात नसतो, कुणी तुम्हाला दोष देणार नाही. सहानुभूती दाखवत ते इतका वेळ बोलले की कानसेनांना उठून जावंसं वाटलं. मग ते मास्तरीणबाईंच्या टेबलाशी गेले. प्रबंधाचा गठ्ठा तिथेच पालथा पडला होता.

"काल एक सांगायचं राहिलं," कानसेन म्हणाले. "बायकोने मला तीन वर्षांपूर्वी सांगितलं होतं, कान तपासून घ्या म्हणून. मी ऐकलं नाही. म्हणजे ऐकू आलं होतं. ऐकलं नाही."

मास्तरीणबाईंनी प्रबंधाचा गठ्ठा सुलटा करून ठेवला.

"हे तुम्ही सांगितलं नसतं तरी चाललं असतं," त्या म्हणाल्या.

"नसतं चाललं."

"काल मी तुमच्या कानांवर चिडले होते. आता तुमच्यावर चिडलेय."

"बरोबर आहे."

"वहीत लिहा ते."

कानसेनांनी वही उघडली. शेवटच्या नोंदीखाली लिहिलं: "गेल्या सहा वर्षांच्या चिमण्यांच्या नोंदी धरू नयेत. नोंद करणाऱ्याला वरची पट्टी वर्षागणिक ऐकू येईनाशी होत गेली. त्याला तीन वर्षांपूर्वी सांगण्यात आलं होतं. त्याने तपासणी केली नाही." मास्तरीणबाईंनी गृहपाठ तपासावा तसं ते वाचलं.

"तारीख घाला," त्या म्हणाल्या. कानसेनांनी तारीख घातली.

"वादातले तुकडे किती आहेत?"

"तेराशेच्या वर."

"प्रबंध वर्षभर पुढे जाईल. घरी काय सांगायचं ते मी बघेन. प्रोग्रॅमवर पण मला सगळं सोडायचं नाही. हीटर कुठला आणि चिमणी कुठली, मला ओळखता येत नाही."

"मला येतं. पण मला ऐकू येत नाही."

"माहीत आहे," मास्तरीणबाई रागानेच म्हणाल्या. "चला, बसा."

ऐकण्याच्या खोलीत जाऊन बाईंनी हेडफोन लावले. कानसेनांनी पडद्यावर टॉवेल नीट पसरला, आवाज कमी केला, पेन उघडलं आणि पहिला तुकडा सुरू केला. थोड्या वेळाने बाईंनी बोट वर केलं.

"कसा लागतो?" कानसेनांनी विचारलं. "खटकन, की उमलत?"

मास्तरीणबाई डोळे मिटून, भिंतीकडे तोंड करून काहीतरी म्हणाल्या. बाई नेहमीच्या खणखणीत, पण ऐकण्यात इतक्या गुंतल्या होत्या की आवाज खाली आला होता. कानसेनांच्या ओठांवर सवयीने आलं, नीट बोला. ते त्यांनी गिळलं.

"मला ऐकू आलं नाही," ते म्हणाले. "परत सांगा."